चार प्लगांची परीक्षा

मी तेवीस वर्षं मुलांचे पेपर तपासते आहे. तपासताना माझा चेहरा कसा होत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो गेल्या वर्षी करावा लागला. दर रविवारी सकाळी मामंजी, म्हणजे माझे सासरे, भोरच्या आमच्या घराच्या ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरायचे, त्यावर गाडीच्या इंजिनातून काढलेले चार प्लग ओळीनं मांडायचे आणि एकेक प्लग उजेडाला धरून बघायचे. भुवया वर, ओठ पुढे, मान किंचित तिरकी. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं की इंजिन आतून स्वच्छ आहे असं समजायचं. काळं असलं की आत कार्बनचा थर बसतोय. माझे चारही प्लग तव्याच्या बुडासारखे असायचे. मामंजी ते परत कागदावर ठेवायचे आणि काही न बोलता आत जाऊन चहा मागायचे. ते न बोलणं मला फार झोंबायचं.

आता ही परीक्षा कशासाठी, ते सांगते. माझं माहेर वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या पोटात. भोरहून एसटीनं जायचं तर आधी हायवेला कापूरहोळ, मग नसरापूर, मग वेल्हे, आणि पुढं पाय आहेतच. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी दारात पाऊल टाकलं की आईचा पहिला प्रश्न एकच, परतीची गाडी कितीची. मग ती घाईघाईनं भाकरी टाकणार, मी घाईघाईनं खाणार, आणि जे बोलायचं ते अर्ध्यावर ठेवून मी उठणार. आईला आता ऐंशी होतील. मला तिच्याशेजारी भिंतीला टेकून, पाय पसरून, घड्याळाकडे न बघता एक दिवस बोलायचं होतं. एवढंच हवं होतं मला.

घरात गाडी होती. तीस वर्षांची जुनी, पेट्रोलवर चालणारी, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. मामंजींनी ती एसटीत नोकरीला असतानाच कुणाकडून तरी घेतली होती. माझा नवरा पुण्यात नोकरीला, पंधरा दिवसांनी येणार, आणि आला की जेवताना एकदा म्हणणार, ही गाडी भंगारात द्या. मामंजी तेव्हा ताटातली भाजी संपवून उठायचे. मी मात्र दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत गाडी शिकले. शिकवायला मामंजीच. लायसन्सही मिळालं. पण चावी मिळाली नाही.

मामंजी एसटीचे रिटायर ड्रायव्हर. वरंध्याच्या घाटात तीस-बत्तीस वर्षं बस चढवली-उतरवली, गाडीला कधी ओरखडा नाही. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा म्हटलं गेलं आहे की आमच्या मांजरालाही पाठ असावं. त्यांनी मला अट घातली. मी गाडी चालवायची ती ते शेजारी बसलेले असतानाच. आणि माझ्या हाताखाली इंजिन स्वच्छ राहिलं, तीन रविवार ओळीनं प्लग बिस्किटाच्या रंगाचे निघाले, की चावी माझी. त्यांचं एक शास्त्र होतं. ते मला पहिल्याच दिवशी ऐकवण्यात आलं.

“कारबन पेट्रोलनं न्हाई धरत. भित्र्या पायानं धरतो.”

म्हणजे काय, तर ॲक्सिलरेटरवर पाय बिचकत पडला, गाडी रडतखडत चालवली की पेट्रोल नीट जळत नाही आणि इंजिनात काजळी साचते. यात खोटं काही नाही. पण मी बिचकत नव्हते. चिडून चालवायचे, हे कबूल. सारोळ्याच्या पुलावर शेजारून ट्रक धडधडत गेला तरी माझा पाय हलला नव्हता, आणि हे मामंजींनी स्वतः बघितलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग वेल्ह्याला मामंजींनाच घेऊन जायचं. नेलं की दोनदा. ते आईच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. व्याही दारात बसलेले म्हटल्यावर आईनं डोक्यावरचा पदर जो ओढला तो आम्ही निघेपर्यंत खाली आला नाही. आमचं बोलणं कुजबुजत झालं. मामंजी दर अर्ध्या तासानं घड्याळ बघून घसा खाकरायचे. त्यापेक्षा एसटी बरी, ती निदान खाकरत नाही.

तर आमचं वेळापत्रक असं होतं. हिर्डोशीकडे आमचं भाताचं खाचर आहे. आठवड्यात मधे एकदा मामंजी स्वतः गाडी घेऊन तिकडे जायचे. शनिवारी माझी शाळा सकाळची, म्हणून दुपारी मी चालवायची आणि ते डावीकडे बसायचे. रस्ता तोच, गाडी तीच, चढ तेच. ते जाऊन आले की प्लग बरे निघायचे. मी जाऊन आले की काळेकुट्ट. एकदा नाही, दर वेळी. शाळेत विज्ञान मी शिकवते. एकच गोष्ट बदलून बघा आणि फरक कशानं पडला ते ठरवा, हे मीच मुलांना सांगते. इथं बदलत होते ती मी. दुसरा निष्कर्ष काढायचा तरी काय?

मी चालवताना मामंजींची टीका चालूच असायची. पण तोंडात पान असायचं, त्यामुळे शब्द थोडे. एसटीच्या नोकरीत स्टेअरिंगवर असताना त्यांनी कधी पान खाल्लं नाही, आणि आजही स्वतः चालवताना खात नाहीत. शेजारी बसले की मात्र तीस वर्षांची भरपाई करतात. त्यांची चंची आहे, लाल खणाची, चार कप्प्यांची. पान, सुपारी, चुना, कात सगळं त्यात, आणि वर लांब नाडीचा फास. गाडीत बसले की ती चंची ते समोर अडकवायचे, अडकित्त्यानं सुपारी कातरायचे आणि माझ्या पायाकडे बघत बसायचे.

पहिल्या थंडीत गाडी चढाला खडखडायला लागली. हिर्डोशीच्या चढावर कुणीतरी डब्यात खडे घालून हलवावेत असा आवाज. आणि त्याहून वाईट म्हणजे चावी फिरवून बंद केली तरी ती बंद होईना. दारात उभी राहून ढुक ढुक ढुक करत राहायची, अंगाला हिसके देत, आणि मग एक मोठी उचकी देऊन थांबायची. आत कार्बन तापून लाल होतो आणि त्याच्यावरच पेट्रोल पेटत राहतं, असं मिस्त्रींनी पुढं सांगितलं. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, ओट्यावर गहू निवडत ते बघायच्या. एकदा त्या म्हणाल्या, हुबेहूब ह्यांच्यासारखीच आहे, गप बसा म्हटल्यावर वर पाच मिनिटं बोलत राहते. मामंजी आत होते म्हणून बरं.

गावाबाहेरच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. जुन्या गाड्यांना हात लावणारे आता तेवढेच उरलेत. त्यांनी इंजिनचं हेड खोललं, म्हणजे वरचं जड झाकण बोल्ट काढून उचललं. मी पहिल्यांदाच इंजिन आतून बघत होते. चार गोल खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यातल्या पिस्टनच्या डोक्यावर काळी कडक खपली. करपलेल्या दुधाच्या पातेल्याच्या बुडाशी असते तशी. मिस्त्री म्हणाले, खरवडायला लोखंडी पातं नको, चरे पडतात. पातळ, बोथट, मऊ धातूचं काहीतरी हवं. मामंजींनी पिशवीतून एक वस्तू काढली. ते आत्याबाईंचं ॲल्युमिनियमचं उलथनं होतं. घरातून निघतानाच घेऊन आले होते, कुणाला न विचारता.

मी पदर खोचला आणि खरवडायला बसले. मिस्त्रींना पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं, मग त्यांनी डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं माझ्या हातात दिलं. खपली आधी मऊ करायची, मग कडेकडेनं सोडवायची, भुगा खाली सिलिंडरच्या फटीत जाऊ द्यायचा नाही, म्हणून बाजूनं ग्रीसचं कडं करायचं. दोन पिस्टन त्यांनी केले, दोन मी. माझे जास्त चकचकीत झाले, हे मी आत्मस्तुती म्हणून सांगत नाही, मिस्त्रीही म्हणाले. भांडी घासण्यातली पंचवीस वर्षं अशी कामाला आली. घरी आल्यावर उलथन्याला डिझेलचा वास सुटला होता. आत्याबाईंनी ते नाकाशी नेलं, मामंजींकडे बघितलं आणि त्या दिवसापासून ते उलथनं चुलीच्या मागं एका खिळ्याला टांगून ठेवलं, पुरावा म्हणून.

हेड बसवलं. गाडी फुलासारखी चालायला लागली. मामंजी दोनदा चालवून आले, प्लग उत्तम. तिसऱ्या वेळी मी चालवलं, प्लग काळे.

मी रडले नाही. पण शेजारणीशी उगाच कडाडून भांडले.

मग मी कॉपी केली. होय. एका शनिवारी संध्याकाळी मामंजी देवळाकडे गेल्यावर मी प्लगपाना घेतला, चारही प्लग काढले आणि भांडी घासायच्या तारेच्या घासणीनं घासून परत लावले. रविवारी त्यांनी ते कागदावर मांडले. पहिला उचलला, उजेडाला धरला, फिरवला. दुसरा. मग चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं.

“हे गाडीतलं न्हाईत,” ते म्हणाले. “हे भांड्याच्या फळीवरलं हायत.”

तीन रविवारांची मोजणी परत पहिल्यापासून, वर मला ताकीद. कॉपी सापडलेल्या मुलाला आपण वर्गाबाहेर उभं करतो तेव्हा त्याला काय वाटतं, ते मला त्या दिवशी नीट समजलं. तेव्हापासून मी बाहेर उभं करत नाही, पुढच्या बाकावर बसवते.

उन्हाळ्यापर्यंत गाडीची अवस्था पुन्हा तीच झाली. त्यात एक प्रकार घडला, जो आत्याबाईंना अजून माहीत नाही, आणि त्या हे वाचणार नाहीत म्हणून लिहिते. त्यांनी अंगणात नाचणीचे पापड वाळत घातले होते. मी गाडी उलटी लावली होती, शेपूट पापडांकडे. सकाळी सुरू करून मामंजींनी सांगितल्याप्रमाणे एकदा जोरात रेस दिली, आणि मागून काळा ढग निघाला, त्यात काजळीच्या चिमट्या-चिमट्या. सगळी चटईवर. मामंजींनी बघितलं, मी बघितलं. मामंजींनी खांद्यावरचं उपरणं काढून पापडांवर हलकेच वारा घातला, जमेल तेवढं उडवलं. नाचणीच्या रंगावर उरलेलं दिसत नव्हतं. ते पापड आम्ही वर्षभर खाल्ले, पाहुण्यांनाही वाढले. एका पाहुण्यानं तर खमंग आहेत म्हणून बांधून नेले.

मे महिन्यात हेड दुसऱ्यांदा खोलायला नेलं. या वेळी मामंजींबरोबर त्यांचे दोन जुने सोबती आले होते, तेही रिटायर ड्रायव्हर. मिस्त्रींच्या शेडसमोर चहाच्या टपरीचं बाकडं आहे, तिघं तिथं गप्पा मारत बसले. मामंजींचा आवाज शेडपर्यंत येत होता. बत्तीस वर्षं, ओरखडा नाही. आणि आता सूनबाईंचा पाय. सोबत्यांनी माना हलवल्या. एक म्हणाला, बायकांचा पाय हलकाच. मी आत पिस्टन खरवडत होते, आणि दात इतके आवळले होते की दुसऱ्या दिवशी दाढ दुखली.

मिस्त्रींनी एक प्लग नखानं खरवडला. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, की हा पायाचा कार्बन वाटत नाही. ही ओली, मऊ काजळी आहे, पेट्रोल फार आणि हवा कमी पडली की होते तशी. चोक ओढलेला राहिला की असंच होतं.

मी विचारलं, चोक म्हणजे नक्की कुठला. त्यांनी गाडीच्या आत वाकून डॅशबोर्डच्या मधोमध असलेली काळी गोल मूठ दाखवली. थंडीत गाडी सुरू होत नसेल तर ही ओढायची, म्हणजे हवा कोंडते आणि पेट्रोल जास्त जातं. गाडी तापली की लगेच आत दाबायची. ओढलेली ठेवून चालवली तर आठ दिवसांत इंजिनाचा चुलाणा होईल.

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. कारण ती मूठ मी कायम बघत होते. मूठ आत दाबलेली असली की डॅशबोर्डला चिकटून असते, तिला काही अडकवता येत नाही. बोटभर बाहेर ओढली की मागची दांडी दिसते. आणि त्या दांडीला, मी गाडी चालवत असताना, दर शनिवारी, जाताना आणि येताना, लाल खणाची चंची लोंबत असायची. बसल्यावर मामंजी मूठ बोटभर ओढणार, फास अडकवणार. उतरताना चंची काढणार आणि सवयीनं मूठ आत दाबणार. स्वतः चालवताना पान नाही, म्हणजे चंची कमरेला, म्हणजे मूठ आत, म्हणजे प्लग बिस्किटाच्या रंगाचे. त्यांनी सगळा जन्म डिझेलची बस चालवली, तिला चोक नसतोच. थंडीत ओढायची मूठ तापलेल्या गाडीत नुसती खुंटी, असा त्यांचा समज. मी विज्ञानाची बाई, आणि मी ती खुंटी सहा महिने डोळ्यांनी बघत होते.

मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांनी माझ्या नजरेचा माग काढत बाकड्याकडे बघितलं, तिथं मामंजींच्या मांडीवर ती चंची उघडी होती आणि सोबत्यांना पानं दिली जात होती. मिस्त्रींनी तोंड फिरवलं आणि बॉनेटखाली डोकं घातलं. त्यांचे खांदे हलत होते.

तेव्हा मला किती जोरात ओरडावंसं वाटलं म्हणून सांगू. चार पावलांवर बाकडं होतं. दोन सोबती होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळं भोर. बायकांचा पाय हलका म्हणे. मी उठलेसुद्धा. पण तेवढ्यात मामंजी सोबत्याला सांगत होते, की वरंध्याच्या दरीच्या कडेला बस उभी करून आपण गरोदर बाईला कसं पाठकुळीला घेऊन वर आणलं होतं. दोघं सोबती ती गोष्ट शंभराव्यांदा तोंड उघडं टाकून ऐकत होते. या माणसाजवळ आता एवढंच आहे, असं माझ्या मनात आलं. मी परत बसले. शिवाय, खरं सांगायचं तर दुसराही हिशेब होता. चारचौघांत नाक कापलं असतं तर चावी मला सात जन्मांत मिळाली नसती.

म्हणून मी डाव टाकला. मिस्त्रींना सांगून त्या मुठीच्या शेजारी, खालच्या लाकडी पट्टीला एक हूक बसवून घेतला. मामंजींना सांगितलं, माझ्या पिशवीसाठी. शनिवारी निघालो. मामंजी बसले, हूककडे बघितलं, माझी पिशवी उचलून स्वतः त्या हूकला अडकवली, आणि मूठ बोटभर ओढून तिला चंची लावली. मला स्टेअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं. पुढच्या वेळी मी पिशवी घेतलीच नाही. तरी चंची मुठीलाच. हूक सूनबाईंचा, त्याला कसा हात लावायचा, इतके ते सभ्य.

शेवटी मी आत्याबाईंना सांगितलं. चुलीपुढं बसून सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्या हसायला लागल्या, आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एकदा भिंतीवरच्या त्या उलथन्याकडे बघितलं आणि परत हसल्या. डोळे पुसून उठल्या, खुंटीवरची चंची घेतली, सुईदोरा काढला. नाडीचा मोठा फास चार टाक्यांत एवढासा करून टाकला. हूकच्या टोकावर बसेल, मुठीच्या गोल डोक्यावरून जाणार नाही.

“त्यास्नी सांगू नगंस,” त्या म्हणाल्या. “बावन्न वर्सांत पयल्यांदा घावल्यात माज्या हाताला.”

पुढच्या शनिवारी मामंजींनी मूठ ओढली, फास घालून बघितला, जाईना. ओढून बघितला. कापड धुण्यात आटलं म्हणाले. मी रस्त्याकडे बघत होते, गालाच्या आतला भाग दातात धरून. त्यांनी मूठ आत दाबली, थोडा वेळ चंची मांडीवर ठेवली, मग हळूच माझ्या हूकला अडकवली. मी गिअर टाकला. हिर्डोशीच्या चढावर गाडी गाणं म्हणत चढली.

रविवारी प्लग बिस्किटाच्या रंगाचे. पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी मामंजींनी चारही प्लग दोनदा बघितले, एकाला अंगठा चोळून अंगठाही बघितला. मग चहाला आलेल्या सोबत्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जाहीर केलं, की पोरीचा पाय बसला. आत्याबाई दारातच होत्या. त्यांना एकदम खोकल्याची उबळ आली आणि त्या आत गेल्या.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी मी एकटी वेल्ह्याला निघाले. चावी मामंजींनी आदल्या दिवशी सांजेला माझ्या हातात दिली होती, भाषण वगैरे न करता. सकाळी त्यांनी चाकांतली हवा बघितली, दारं नीट लागली का बघितलं, डावीकडून आत डोकावून काहीतरी खुडबूड केली आणि ओट्यावर जाऊन बसले. मी आरशात बघितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, वर्तमानपत्र वाचत होते. पण ते उलटं होतं.

कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं. खाचरं हिरवी झाली होती. मी मोठ्यानं गाणं म्हटलं. सगळा किस्सा आईला कसा रंगवून सांगायचा, मामंजींची नक्कल कुठं करायची, हेही ठरवून ठेवलं. मोठ्या आवाजात सांगणार होते, अंगणभर ऐकू जाईल असा.

दारात गाडी लावली तशी आई लगबगीनं आली. मला बघून हसली, गाडीच्या काचेतून आत बघितलं आणि तिचा हात एकदम डोक्याकडे गेला. पदर पुढं ओढून ती कुजबुजली.

“व्याही कुटं उतरलं?”

मी वळून बघितलं. हूकला लाल चंची लोंबत होती. तासभर माझ्याशेजारी होती आणि मी समोरच्या रस्त्यापुढं तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मी दार उघडून हात लावला. फास मोठा होता. आत्याबाईंचे टाके उसवलेले, दोऱ्याचे तुकडे अजून नाडीला चिकटलेले. मुठीवरून आरामात गेला असता एवढा फास, आणि तरी चंची हूकलाच होती.

मी अंगणातूनच घरी फोन लावला. मामंजी चंची गाडीत विसरले, असं मी आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, विसरले कसले. सकाळपासून पानाशिवाय बसलेत, जीभ दाताखाली धरून. टपरीचं पान खायचं नाही म्हणतात. चंची त्यांनी मुद्दाम ठेवली आहे, गाडीत कुणीतरी जाणतं माणूस नको का म्हणून. मग त्यांचा आवाज बारीक झाला. बहुतेक त्या मागच्या परसात गेल्या असाव्यात.

“फास का आटला त्ये उमगलं त्यास्नी. काल सांजच्याला बसून टाकं उसवलं त्यांनी,” त्या म्हणाल्या. “म्हनले, पोरीचा पाय पयल्यापासून बरा व्हता. चूक माजी व्हती, नि म्या तिला सा म्हैनं बोललो. पन तिला सांगू नगंस म्हनले.”

मी फोन ठेवला आणि गाडीच्या उघड्या दारातच बसले. किस्सा सांगायची सगळी हौस गेली. नक्कल तर नाहीच केली. आईनं घाबरून विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं, आणि रडत बसले. चांगलं पाच मिनिटं.

मग आम्ही आत गेलो. भिंतीला टेकून, पाय पसरून, दुपारभर बोललो. आईनं परतीची गाडी कितीची असं एकदाही विचारलं नाही. तिच्या आईचं, माझ्या लहानपणीचं, भावजयीचं, गुडघ्यांचं, सगळं निघालं. संध्याकाळी ती म्हणाली, रहा आज, गाडी तुझीच आहे की. राहायचंच ठरवून गेले होते मी. दुसऱ्या दिवशीची रजा टाकलेली होती. पण त्या हूकवरच्या चंचीकडे बघितलं आणि उजेड आहे तोवर निघाले.

घरी पोचले तेव्हा मामंजी ओट्यावर होते. मी चावी फिरवली, गाडी जागच्या जागी बंद झाली. ते उठले, डावीकडचं दार उघडून चंची काढून घेतली आणि तिथंच उभ्यानं पान लावायला लागले. बोटं जरा घाई करत होती. बॉनेटकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पान तोंडात घातलं, डोळे मिटून दोनदा चावलं, मग बोलले.

“आईसंगं बोलनं झालं का समदं?”

मी म्हटलं, नाही, थोडं राहिलंय.

“मंग फुडल्या रविवारी जा,” ते म्हणाले, “नि ऱ्हा एक दिस. म्या दोन दिसाची पानं आदीच लावून ठिवतो.”

चावी मी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही, ओट्याची पायरी चढून आत गेले. आत्याबाई दारात उभ्या होत्या आणि आमच्या दोघांकडे अजिबात बघत नव्हत्या.